नात्यात नसलेल्याचं सूतक

१४ जून, शनिवार. नेपरव्हिल

सुवर्णाच्या नव्या घरची सत्यनारायणाची पूजा आज मी रद्द करायला लावली. केटरर ठरलेला, माणसं बोलावलेली, रांगोळीसुद्धा काढून झालेली. सकाळी तिचा फोन. "गुरुजी, ह्यांचे चुलत काका काल कोल्हापुरात गेले. पण आम्ही त्यांना वर्षानुवर्षं भेटलेलोसुद्धा नाही हो. करून टाकू या ना?" म्हटलं, बाई गं, भेटलात की नाही हे शास्त्र विचारत नाही. रक्ताचं आहे ना? मग सूतक म्हणजे सूतक. रडायला लागली बिचारी.

मला वाईट वाटलं. पण मनातून थोडं बरंही वाटलं, इथे खोटं कशाला लिहू. कोणी विचारतं, मी सांगतो आणि लोक ऐकतात. ऑफिसात माझं कोण ऐकतं? तिथे मी 'राज', जुन्या मेनफ्रेमची देखभाल करणारा म्हातारा. मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की पोरं आपापले फोन बघतात.

वडील वाईला भिक्षुकी करायचे. मी कम्प्युटर शिकून त्यातून सुटलो असं मला वाटत होतं. मग एका वर्षी मंडळाच्या गणपतीला देवळातले भटजी ऐनवेळी आले नाहीत, म्हणून मी सोवळं नेसून बसलो तो आजतागायत उठलेलो नाही. राजेश हे नाव आता फक्त ड्रायव्हिंग लायसन्सवर उरलंय.

रेखाची कंबर परवापासून धरली आहे. देवपूजा मीच केली. फुलंसुद्धा काढून देईना, म्हणाली वाकवत नाही. मग तासभर मागच्या अंगणात तण उपटत होती, तेव्हा बरं वाकवत होतं! बायकोच्या कंबरेपुढे मी हात टेकले.

१५ जून, रविवार

फादर्स डे. नैनाचा फोन आला, पण अगदी दोन मिनिटं. आवाज बसलेला. म्हटलं काय गं, तर "ॲलर्जी आहे, बाबा." पेनसिल्वेनियात जूनमध्ये कसली ॲलर्जी कोण जाणे. म्हटलं चार दिवस घरी ये, हळदीचं दूध पी, तर म्हणाली "आय कान्ट." का कान्ट ते सांगितलं नाही. मग रेखाने फोन घेतला आणि लाँड्रीच्या खोलीत जाऊन दार लावून बसली. मायलेकींचं काय गुऱ्हाळ चालतं देव जाणे. माझ्या दिवशी मला दोन मिनिटं!

आज गोडही केलं नाही. मी श्रीखंडाची आठवण केली तर म्हणाली, "तुम्हाला गोड लागतंच कसं सारखं?" आता हा काय प्रश्न झाला?

२१ जून, शनिवार

रेखाची कंबर बरी झाली एकदाची. सकाळी उठून डोक्यावरून आंघोळ केली, चादरी, पडदे, टॉवेल, घरातलं कापड न् कापड धुवायला काढलं. मग देवापुढे कितीतरी वेळ बसली. मी विचारलं, आज काय विशेष? म्हणाली, "काही नाही. झालं." काय झालं ते विचारलं तर पोळ्या लाटायला उठून गेली.

६ जुलै, रविवार

आज नैनाशी व्हिडिओवर चांगलं बोलणं झालं. वाळली आहे. डोळ्यांखाली काळं आलंय. पीएचडीचं शेवटचं वर्ष म्हटल्यावर व्हायचंच. तिची रूममेट सोडून गेली वाटतं. "माय रूममेट्स गॉन" एवढंच म्हणाली आणि घर मोठं वाटतं म्हणाली. मी म्हटलं दुसरी शोध, भाडं एकटीने कशाला भरतेस. मीच मग थिसिसचा विषय काढला, कारण त्या विषयावर ती बोलू लागली की थांबत नाही. आणि मलाही तो फार आवडतो, का ते उघड आहे. माझी मुलगी माझ्याच धंद्यावर डॉक्टर होते आहे!

म्हणजे माझ्या नव्हे, जुन्या ग्रीक लोकांच्या. अथेन्सजवळ एल्युसिस म्हणून गाव होतं, तिथे देवीची गुप्त दीक्षा द्यायचे. तिथला मुख्य पुजारी ठरावीक घराण्यातलाच. आणि गंमत अशी की तो पदावर बसला की त्याचं मूळचं नाव कोणी घ्यायचं नाही. (मी म्हटलं, मला सांगतेस?) त्याच घराण्यातले काही जण विधींचा अर्थ लावून सांगणारे. घरात काही विपरीत घडलं, कोणी मेलं, विटाळ झाला, की लोक त्यांच्या दारी जायचे आणि विचारायचे, आता काय करू?

सध्या ती अशाच एका माणसावर लिहिते आहे. त्याला लहानपणी सांभाळलेली दाई. गुलामीतून सुटलेली, नवरा वारल्यावर म्हातारपणी पुन्हा त्याच्याच घरी येऊन राहिलेली. त्याच्या वैऱ्यांनी घर लुटलं, तिच्या हातातला पेला हिसकावून घेताना तिला मारलं, आणि त्यात ती मेली. हा त्या अर्थ सांगणाऱ्यांकडे गेला. त्यांनी आधी विचारलं, तुला नुसता नियम सांगू, की सल्लाही देऊ? तो म्हणाला, दोन्ही. नियम असा निघाला की बाई तुझ्या रक्ताची नाही आणि आता तुझी दासीही नाही, तेव्हा तिच्यासाठी तुला कोर्टात उभं राहता येत नाही. आणि सल्ला असा की स्वतःची आणि घराची शुद्धी कर आणि जमेल तितकं शांतपणे सोस.

"व्हॉट वुड यू से, बाबा?" तिने विचारलं.

मी म्हटलं, मीही हेच सांगितलं असतं. चोख काम आहे. स्क्रीनवर तिचा चेहरा तसाच थिजून राहिला. मला वाटलं नेट अडकलं.

१३ जुलै, रविवार

आज गंमत झाली. नैनाने मला चक्क प्रश्न विचारला, यजमानांनी विचारावा तसा! चॅप्टरसाठी तुलना हवी आहे म्हणाली. समजा दोन माणसं एका घरात राहतात, तीन-चार वर्षं, लग्न झालेलं नाही. एक जण गेलं. तर दुसऱ्याला सूतक असतं का?

मी विचारलं, आपल्यातले की ग्रीक? "हायपोथेटिकल, बाबा."

मी म्हटलं, मग सोपं आहे. सूतक दोनच वाटांनी येतं, रक्ताने नाहीतर लग्नाने. इथे दोन्ही नाहीत. गोत्र नाही, सप्तपदी नाही. तेव्हा सूतक नाही, तेरावं-चौदावं नाही, काही नाही. सगळं करायचा अधिकार त्या गेलेल्याच्या आईबापांचा. मग तिने विचारलं, आणि त्याच्या वस्तू? कपडे वगैरे? म्हटलं, ज्याच्या त्याच्या घरच्यांना परत द्याव्यात, अडकवून ठेवू नयेत, त्यात जीव घुटमळतो. हे वडील सांगायचे, ग्रंथात आहे की नाही ते बघावं लागेल.

"ओके. दॅट्स क्लिअर. थँक्स, बाबा."

जेवताना रेखाला सगळं रंगवून सांगितलं. म्हटलं, बघ, युनिव्हर्सिटीला माझी गरज पडली. ती ताटावरून उठली आणि आमटी सिंकमध्ये ओतून टाकली. म्हणाली, आंबली होती. माझ्या वाटीतली चांगली होती की!

३ ऑगस्ट, रविवार

नैना फोन उचलत नाही. मेसेजला अंगठा दाखवते, नाहीतर 'बिझी' म्हणून टाकते. सप्टेंबरच्या शेवटी तिचा डिफेन्स, म्हणजे थिसिसची शेवटची तोंडी परीक्षा होती, ती पुढे ढकललीय म्हणे. हे मला रेखाकडून कळलं. मग जरा खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, ढकलली नाही, नैना पीएचडीच सोडायचं म्हणते आहे.

सोडायचं? सहा वर्षं घासल्यावर? माझं डोकंच फिरलं. मी फोनवर फोन केले. शेवटी व्हॉइसमेलवर बोललो, काय ते आता आठवत नाही, पण "आम्ही इकडे लोकांना काय सांगायचं" असं काहीतरी बोललो एवढं आठवतं. ते बोलायला नको होतं. मला भीती वाटली की मी आधी ओरडतो, हे रेखा चांगलं ओळखते, पोरगी ओळखते की नाही ठाऊक नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

रेखा गेली स्टेट कॉलेजला, नैनाच्या गावी. मला न विचारता तिकीट काढलं. मी म्हटलं ऐन श्रावणात, घरात दोन पूजा ठरलेल्या, गणपती तोंडावर. तिने फक्त एवढंच म्हटलं, "त्या होतील हो." बॅगेत लाडू, भाजणी, तूप आणि तिची ती जुनी मऊ गोधडी भरली. ऑगस्टमध्ये गोधडी!

१६ ऑगस्ट, शनिवार

घरात एकटा आहे. खिचडी खाऊन कंटाळा आला. निमिषचे दिवसातून तीन फोन. तो यंदा मंडळाचा अध्यक्ष आहे, नागपूरचा, कामाला वाघ, पण प्रत्येक गोष्ट मला विचारून. "गुरुजी, मूर्ती शाडूचीच आणलीये ना यार, मग विसर्जन टबमध्ये चालेल का?" "गुरुजी, चतुर्थीनंतरच्या शनिवारी प्राणप्रतिष्ठा तुमच्याच हातून, नो चेंज." शाळेच्या हॉलमध्ये तीनशे माणसं यायची आहेत. मला मखर, मंत्र, पत्री, सगळ्याचं बघायचंय आणि माझी बायको हजार कोसांवर.

सकाळी तिला फोन केला. म्हटलं, कधी येतेस? ती म्हणाली, "तुम्ही इकडे या."

"अगं, गणपती दोन आठवड्यांवर आले."

"या म्हटलं ना. गाडी घेऊन या." आणि वर, "आणि इथे आल्यावर गुरुजी होऊ नका."

आता मी दुसरं काय होऊ? पण तिचा आवाज असा होता की मी हो म्हटलं. नैना आजारी आहे का? काही मोठं आहे का? रेखा सांगत नाही, म्हणजे मोठंच आहे. आता आठवडाभर हेच डोक्यात घोळणार. रजा टाकली आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार. स्टेट कॉलेज

जसं घडलं तसं लिहितो.

काल दिवसभर ड्राइव्ह करून संध्याकाळी पोचलो. नैनाचं अपार्टमेंट मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, तेव्हा गच्च भरलेलं होतं. आता अर्धी भिंत रिकामी, बुकशेल्फचे दोन कप्पे रिकामे, दाराजवळचे हुक रिकामे. वातावरण जड होतं, म्हणून मी काहीतरी हलकं बोलायला गेलो. म्हटलं, "तुझ्या रूममेटने जाताना चांगलीच साफसफाई केली गं!"

नैना सोफ्यावर ती गोधडी पांघरून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. "ही डिडन्ट मूव्ह आउट, बाबा. ही डाइड."

मी मूर्खासारखा म्हणालो, "ही? म्हणजे मुलगा?"

रेखा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आता बसा आणि ऐका," म्हणाली.

त्याचं नाव केसी. इथल्या कॅम्पसच्या बसवर ड्रायव्हर होता. पहिल्या वर्षी हिवाळ्यात नैना चुकीच्या बसमध्ये बसली आणि त्याने तिला शेवटच्या स्टॉपवरून परत आणून सोडलं, तिथून ओळख. तीन वर्षांहून जास्त दोघं इथे एकत्र राहत होते. दहा जूनला शिफ्ट संपवून घरी येताना रस्त्यात हरीण आडवं आलं. गाडी झाडावर गेली. दहा जून. मी चौदा तारखेला सुवर्णाला सूतक शिकवत होतो.

रेखाला त्याच्याबद्दल दोन वर्षांपासून माहीत होतं. "आणि मला?" मी विचारलं. रेखा म्हणाली, "यंदा गणपतीला ती त्याला घेऊन येणार होती. तुम्हाला भेटवायला. तो मोदक वळायला शिकत होता, माझ्याशी व्हिडिओवर. एकही धड जमला नाही त्याला." हे सांगताना तिला हसू आलं आणि लगेच ती रडली.

मी नैनाजवळ जाऊन बसलो. शेवटी म्हटलं, त्याच्या काही वस्तू, फोटो, दाखवतेस का? म्हटलं तर साधी गोष्ट बोललो. ती एकदम ताठ झाली.

"नाहीयेत. देअर इज नथिंग. यू टोल्ड मी टु गिव्ह देम बॅक."

मला क्षणभर कळेचना. मग कळलं.

"मी सगळं अल्टूनाला त्याच्या आईकडे नेऊन दिलं, बाबा. एव्हरीथिंग. त्याचे शर्ट, बूट, ती घाणेरडी टोपी. मला टोपी ठेवायची होती. पण तू म्हणालास जीव घुटमळतो. आय डोन्ट ईव्हन बिलीव्ह इन दॅट! तरी मी दिली. कारण इफ इट वॉज ट्रू..." आणि तिने गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

मी म्हटलं, "अगं बाळा, तू चॅप्टरसाठी विचारतेस असं मला वाटलं. मला काय माहीत..."

"यू नेव्हर आस्क्ड मी विच वन आय वॉन्टेड," ती म्हणाली. "रूल ऑर ॲडव्हाइस. ते अडीच हजार वर्षांपूर्वीचे लोकसुद्धा विचारायचे, बाबा."

मी उठून बाल्कनीत गेलो. खाली पार्किंगमध्ये विद्यार्थी सामान उतरवत होते, सेमिस्टर सुरू होतंय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला माझाच इतका राग आला की काय सांगू. इतकी वर्षं लोकांच्या दुःखाचे नियम सांगतोय आणि माझ्या पोरीच्या आवाजातलं मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार. स्टेट कॉलेज

सकाळी नैना म्हणाली, चल, बसने जाऊ. कुठे ते सांगितलं नाही. केसी चालवायचा त्या रूटच्या बसमध्ये आम्ही बसलो. ड्रायव्हर एक जाडी, पांढऱ्या केसांची बाई. नैना चढली तशी ती उठून उभी राहिली आणि तिला मिठी मारली. मागे रांगेत पोरं थांबून राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि नैनाला विचारलं, "धिस युअर डॅड?" आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस, सर."

माझ्या लॉसबद्दल! मला त्या माणसाचा चेहरासुद्धा ठाऊक नव्हता. मी थँक यू म्हणालो.

आम्ही शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो आणि त्याच बसने परत आलो. वाटेत नैनाने थोडं थोडं सांगितलं. चर्चमध्ये ती मागून चौथ्या रांगेत बसली होती. तिथे तिची ओळख "केसीची फ्रेंड" अशी करून दिली. त्याच्या घरचे वाईट नाहीत म्हणाली, त्यांना कळत नव्हतं तिला काय म्हणावं. दफन झाल्यावर सगळे जेवायला गेले आणि ती गाडीत बसून राहिली, कारण तिला आत बोलवायचं की नाही हे कोणालाच सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने क्लास घेतला. समर सेशन होता. रजा कुठल्या कारणाने मागायची? त्यांच्या नियमांत रूममेटसाठी रजा नाही.

"मी शहाण्यासारखं वागले, बाबा. मी अडीच महिने शांतपणे सोसलं. अँड नाउ आय कान्ट रीड. मी पानाकडे बघते आणि मला अक्षरं लागत नाहीत."

तिचा हात धरून बसलो. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचो तसा, मनगटाला. तिने काढून घेतला नाही. थिसिस सोडू नको असं तोंडावर आलं होतं, पण बोललो नाही. आज मी एवढं एकच शहाणपण केलं.

२५ ऑगस्ट, सोमवार. नेपरव्हिल

मी आणि रेखा परत आलो. नैनाला चल म्हटलं, ती नको म्हणाली. रेखा पुन्हा जाणार आहे, बहुतेक बराच काळ राहायला.

ओहायोत पेट्रोल भरताना मी रेखाला विचारलं, जूनमध्ये तुझी कंबर खरंच दुखत होती का?

ती म्हणाली, "नाही."

मी म्हटलं, "दहा दिवस पाळलेस तू."

"हो."

"शास्त्रात नाहीत गं दहा. सख्खा जावई असता तरी सासूला दहा नाहीत."

"मला माहीत आहे," रेखा म्हणाली. "तुमच्या शास्त्राला विचारून नाही केलं. पोरगी तिकडे एकटी होती. कोणीतरी पाळायला हवं होतं, म्हणून पाळलं."

त्यानंतर इंडियाना संपेपर्यंत मी नुसती गाडी चालवली. भांडण नव्हतं. मधेच तिने थर्मासमधला चहा ओतून माझ्यापुढे धरला.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या चतुर्थी. शनिवारी मंडळाचा गणपती. निमिषचे आठ मिस्ड कॉल.

आज ऑफिसला गेलो नाही. आंघोळ केली आणि देव्हाऱ्यापुढे जाऊन बसलो, पण देवांना हात लावला नाही. मन लावून विचार केला. नियमाने पाहिलं तर मला काही नाही. केसी माझा कोणी नव्हता. जावई होता असं धरलं, तरी एवढ्या उशिरा बातमी कळल्यावर शास्त्र नुसती आंघोळ सांगतं, ती तर मी केली आहे. म्हणजे शनिवारी मी सोवळं नेसून खुशाल बसू शकतो. कोणी बोट दाखवणार नाही. तीनशे माणसं पाया पडतील आणि "गुरुजी, पूजा छान झाली" म्हणतील. आणि तिकडे ती पोरगी. तिच्या माणसासाठी ह्या अख्ख्या देशात एकाही घराने सूतक पाळलं नाही, रेखा सोडून. तीसुद्धा चोरून.

खरं लिहायचं तर भीतीही वाटते. मंडळात कुजबुज होईल. लग्नाशिवाय राहत होती, गोरा, बस चालवायचा. मी ज्यांना ज्यांना नियम ऐकवले ते सगळे आता मला ऐकवतील, सुवर्णापासून सुरुवात. पंचवीस वर्षं जे नाव कमावलं ते जाईल. जाऊ दे, असं लिहायला सोपं आहे.

दुपारी नैनाला फोन केला. तिने उचलला. म्हटलं, "मी शनिवारी पूजेला बसत नाही. मला सूतक आहे. लोक कारण विचारतील. खोटं सांगणार नाही, पण तुला नको असेल तर तुझं नावही घेणार नाही. सांगू का?"

तिकडे दार लावल्याचा आवाज आला.

"व्हॉट विल यू कॉल हिम?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "जावई. चालेल?"

तिला हा शब्द माहीत होता. रेखाने केसीला शिकवला होता म्हणे, आणि तो त्याचा उच्चार फार वाईट करायचा. हे सांगताना ती रडू लागली, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी. मी फोन धरून बसलो. गप्प हो म्हटलं नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

आमच्याकडे यंदा गणपती आणला नाही. रेखाने पिठलं-भात केला.

सकाळी निमिषला फोन केला. म्हटलं, शनिवारी दुसऱ्या कोणाला तरी बसव, अरोरा गावातल्या देवळात विचार, मी मंत्र लिहून पाठवतो, पण मला सूतक आहे.

"अरे बापरे! गुरुजी, कोण गेलं? इंडियात का?"

"नाही. इथेच. माझा जावई."

मग तो चाचरत म्हणाला, "पण गुरुजी... नैनाचं लग्न... म्हणजे आम्हाला काहीच..."

"लग्न झालेलं नव्हतं. तीन वर्षं एकत्र राहत होते. केसी नाव त्याचं. स्टेट कॉलेजला बस चालवायचा. जूनमध्ये गेला."

निमिष चांगला मुलगा आहे. फोन ठेवला नाही. मला वाटलं आता विचारेल, हे शास्त्रात बसतं का? मी उत्तरही तयार ठेवलं होतं, की बसत नाही. त्याने ते विचारलं नाही. खाकरला, आणि नेहमी मला विचारतो तसंच, अदबीने, कॅलेंडर काढून बसल्यासारखं विचारलं, "मग गुरुजी, सूतक किती दिवसांचं? म्हणजे विसर्जनाला तरी तुम्ही..."

ह्या प्रश्नाला मी आयुष्यात कधी अडखळलेलो नाही.

म्हटलं, "ते मी नाही सांगू शकत, निमिष. नैनाला विचारून सांगतो."